अल्बिनामावशीचं साडेसहाचं काडतूस

अल्बिनामावशीची बंदूक माझ्या गाडीखाली आली तेव्हा गाडीत मिठाची पोती होती, त्यामुळे काम एकदम चोख झालं. गाडी रिकामी असती तर नुसत्या खरचटण्यावर भागलं असतं.

मे महिना होता. रानातल्या जनावरांना चाटायला मीठ ठेवायचं काम आमच्या शिकारमंडळात दरवर्षी कुणाकुणावर येतं. त्या वर्षी ते मावशीवर आणि माझ्यावर आलं होतं. ‘ही जरा आत ठेव’ म्हणून तिनं गवसणीतली बंदूक माझ्या हातात दिली. मी पोत्यांना जागा करायला म्हणून ती क्षणभर गवतावर ठेवली. तो क्षण मग लांबला. मी पोती रचली, पाणी प्यायलो, हवेबद्दल दोन उद्गार काढले, आणि गाडीत बसून ती मागे घेतली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. खाली उतरून पाहतो तो दस्त्याचे दोन तुकडे, आणि नळी पाहुण्याला नमस्कार करायला वाकावं इतपत वाकलेली.

मावशी काठी टेकत आली. बंदूक उचलली, नळी डोळ्याला लावून आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हिच्यातनं आता कोपऱ्यापलीकडचा गाम्स मारता येईल.”

एवढंच. नंतर दिवसभर त्या विषयावर चकार शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री नीट जेवलो तरी असतो.

गाम्स म्हणजे आमच्या कड्यांवरचं आकड्यासारख्या शिंगांचं जनावर. चपळाई बकरीची आणि स्वभाव सासऱ्याचा; सगळ्या जगावर संशय. म्हातारा नर मारायची पाळी मंडळात माणसाला आयुष्यात मोजक्या वेळा येते. त्या ऑक्टोबरात ती मावशीची होती. आणि हिवाळ्यात तिच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की त्यानंतर कडे बंद. म्हणजे हा गाम्स तिचा शेवटचा, आणि त्याच्या आधी पाच महिने मी तिची बंदूक कणकेसारखी लाटून ठेवली होती.

मावशी म्हणजे अल्बिना केंदा. आमच्या खोऱ्यातून खाली टोल्मिन शहराला जाणारी बस तिनं निवृत्त होईपर्यंत चालवली. पहिल्यांदा ती चाकामागे बसली तेव्हा दोन म्हातारे बसमधून उतरून पायी गेले होते, असं सांगतात. परत येताना पाऊस लागला आणि दोघं रस्त्यात हात करून उभे. मावशीनं बस थांबवली, दार उघडलं, आणि ते आत चढल्यावर पुढचा सबंध घाट त्यांना ‘बसा काका, सांभाळून काका’ म्हणत इतकी हळू नेली, की त्यापेक्षा ते चालत लवकर पोचले असते. मंडळात नाव घालायला गेली तेव्हा ‘बाई रानात आली की जनावर जातं’ म्हणून तिला गुलाशाच्या, म्हणजे मटणाच्या रश्शाच्या, पातेल्यापाशी बसवलं. तिनं एक हंगाम गुलाश केला. तो इतका वाईट केला, की पुढच्या वर्षी सगळ्यांनी एकमतानं तिला बंदूक दिली.

तर बंदूक मोडल्याची बातमी पसरली आणि तिच्या दारी दयेची रीघ लागली. आमच्याकडे प्रत्येकाच्या कपाटात आजोबांची एक सात-सत्तावन्न असतेच. सात मिलिमीटरची गोळी, सत्तावन्न मिलिमीटरचं पितळी काडतूस. शंभर वर्षांहून जुनं, खोऱ्यातल्या निम्म्या घरांतल्या भिंतींवरची शिंगं त्याच्याच नावावर. मावशीची मोडलेली बंदूकही त्याच जातीची. लोक बंदुका घेऊन आले, मावशीनं सगळ्यांना कॉफी पाजली आणि सगळ्यांना परत पाठवलं.

शेवटी ग्विदो आला. ग्विदो लेबान आमच्या मंडळाचा प्रमुख. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, आवाज चर्चमधला.

“अल्बिना,” तो म्हणाला, “तुझा खुबा हा असा. समोरचा कडा चढून तू जवळ जाणार कशी? मी असं म्हणतो, तुझ्या नावानं गाम्स मी मारतो. शिंगं तुझी.”

“वा! मग माझं जेवणही तूच जेव ग्विदो. ढेकर मी देते.”

“मी चांगल्या मनानं बोलतोय.”

“ते कळलं मला. म्हणून तर अजून कॉफी ओततेय.”

दुसऱ्या दिवशी तिनं मला गाडी काढायला लावली. (मी गाडीभोवती दोनदा फिरून खाली वाकून बघितलं आणि मगच बसलो.) शहरातल्या दुकानातून ती जे घेऊन बाहेर आली ते पाहून माझा चेहरा पडला. काळा प्लॅस्टिकचा दस्ता, वर घागरीच्या तोंडाएवढी दुर्बीण, तिच्यावर अंतराप्रमाणे फिरवायची आकड्यांची चकती, आणि काडतूस साडेसहा मिलिमीटरचं, क्रीडमूर नावाचं. बुटकं काडतूस, रुंद खांदे, आणि त्यातून बाहेर आलेली लांब निमुळती गोळी, टोकाला लाल प्लॅस्टिकचा ठिपका.

“मावशी, हे मंडळात दाखवायचं?”

“लपवायला मी काय चोरून आणलंय?”

उन्हाळाभर ती निशाणाच्या मैदानावर होती. पहाटे गवत कापायची, कोंबड्यांना दाणे टाकायची आणि मग मला घेऊन मैदानावर. माझं काम काय, तर निशाण लावणं आणि पश्चात्ताप करणं. पहिल्या आठवड्यात तिला चकती कळेना. एकदा ती उलटीकडे फिरवली आणि गोळी निशाणाच्या वर मातीच्या बांधात जाऊन बसली. तिनं चकतीला बसच्या भाषेत जे म्हणायचं ते म्हटलं, परत शून्यावर आणली आणि पुन्हा पडून नेम धरला.

एका वाऱ्याच्या दिवशी तिनं माझी सात-सत्तावन्न मागून घेतली. दोन्ही बंदुकांनी आधी जवळून मारलं, मग लांबून. संध्याकाळी निशाणाचे कागद मांडीवर घेऊन बसली.

“बघ, दीडशे मीटरवर दोन्ही सारखी. गाम्सला विचारलंस तरी सांगता येणार नाही त्याला, की आपण कशानं मेलो. तीनशेवर मात्र तुझी गोळी वाऱ्यानं हातभर सरकली. माझी वीतभर.”

“असं का गं?”

“ती जुनी बस आठवते? गोल नाकाची? वळणावर वारा आला की दोन्ही हातांनी धरावी लागायची. नंतर निमुळती आली, ती बोटांवर चालायची. रस्ता तोच, वारा तोच, बाई तीच.”

मला एवढं पटलं, की मी ते जाईन तिथे सांगत सुटलो. तिथेच घोटाळा झाला. ग्विदोच्या कानावर गेलं, की अल्बिना गारठ्याची घळ म्हणतात त्या दरीच्या अलीकडून पलीकडच्या कड्यावर गोळी मारणार आहे.

आणि आमच्या मंडळात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच कुणी मोडत नाही. गाम्सच्या पांढऱ्या गालावर डोळ्यातून एक काळी पट्टी येते. ती पट्टी नुसत्या डोळ्यांनी दिसेल तितकं जवळ गेल्याशिवाय चाप ओढायचा नाही. दुर्बीण नंतर. ग्विदोच्या आजोबांचा हा नियम.

ऑक्टोबरात पहिला रानडुकरांचा हाका झाला. दुपारी मंडळाच्या लाकडी घरापुढच्या कुरणात पातेलं चढलं, फ्रिका या आमच्या धिरड्याचे बटाटे आणि चीज तव्यावर चरचरू लागले, आणि नेहमीप्रमाणे शिकाऱ्यांचं कोर्ट बसलं. न्यायाधीश आमची गुरांची डॉक्टर मिलोइका. हातोड्याऐवजी तिच्याकडे डाव. शिक्षा म्हणजे पार्श्वभागावर हेझलच्या छडीचे तीन फटके किंवा मंडळाला वाईन. पंचवीस वर्षांत माझ्या त्या भागानं पुष्कळ न्याय पाहिलाय. त्या दिवशी एकाला बुंध्याला डुक्कर समजून गोळी घातल्याबद्दल फटके झाले, एकाला टोपी हरवल्याबद्दल. सगळे हसून हसून लाल झाले होते. तेवढ्यात ग्विदो उठला.

“माझा आरोप अल्बिना केंदावर आहे.”

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. 

“बचावाचा वकील रादो,” मिलोइकानं माझ्याकडे डाव रोखला. आमच्या कोर्टात बचावाचा वकील हा आरोपीला जास्त अडकवण्यासाठीच असतो आणि तिथे माझा हात धरणारा कुणी नाही. मावशीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “तू गप्प बसलास तर मी सुटेन.”

ग्विदोनं मोहरीच्या वाटीशेजारी दोन काडतुसं उभी केली. एक आजोबांचं सात-सत्तावन्न. एक मावशीचं साडेसहा.

“हे बघा. ह्यानं माझ्या आजोबांनी मारलं, बापानं मारलं, मी मारलं. आणि हे! हे काडतूस आहे का लिपस्टिक?”

“लिपस्टिकच आहे,” मावशी म्हणाली. “पण तू ओठ दाखवू नकोस, भूक मरते.”

“हसण्यावारी नेऊ नकोस. गेल्या वर्षी तो खालून आलेला पाहुणा अशाच बंदुकीनं घळ ओलांडून मारून गेला. ‘चुकली’ म्हणाला. त्याला पलीकडे जायला नको होतं, दोन तासांची वाट! चार दिवसांनी कावळ्यांनी दाखवलं गाम्स कुठे पडलाय ते. पोटात गोळी. मी पाहिलंय ते जनावर, अल्बिना.”

“मीही पाहिलंय.”

“मग?”

“मग काय? तो नालायक होता. बस दरीत गेली तर तू बसला फाशी देतोस की ड्रायव्हरला?”

“तू नियम मोडणार की नाही, तेवढं सांग.”

“तुझ्या नियमाचं मला कौतुक आहे ग्विदो. चाळीस वर्षं पाळलाय. पोटावर सरपटत, नखं मोडून, एकदा तर मुंग्यांच्या वारुळावर पडून पाळलाय. आता खुबा सरपटू देत नाही. आणि माझा गाम्स दुसऱ्यानं मारलेला मी भिंतीवर लावणार नाही. तेव्हा चल, नियम तपासू. पट्टी दिसली पाहिजे ना? मलाही, तुलाही?”

असं म्हणून ती आत गेली आणि भिंतीवरचं पेंढा भरलेलं गाम्सचं डोकं काढून घेऊन आली. ग्विदोच्या बापानं मारलेला नर. तिनं ते माझ्या हातात दिलं, आणि एक पांढरा रुमाल.

“कुरणात चालत जा. मधे मधे थांब. मनात येईल तेव्हा पट्टीवर रुमाल धर, मनात येईल तेव्हा काढ. आम्ही सांगतो, पट्टी आहे की नाही.”

मी डोकं तोंडापुढे धरून निघालो. मागून कुणीतरी ओरडलं, “रादो, जनावर कुठलं ते आधी सांग!”

कुरणातल्या सरपणाच्या खोपटापाशी थांबून मी रुमाल धरला.

“पट्टी आहे!” ग्विदो गरजला.

“रुमाल आहे,” मावशी म्हणाली.

मी रुमाल हलवून दाखवला. कुणी हसलं नाही. आणखी पुढे गेलो. ग्विदोनं पुन्हा सांगितलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा तो सांगायच्या ऐवजी बाकाकडे वळला. मावशी मात्र अक्रोडाच्या झाडापर्यंत बरोबर होती. अक्रोडाच्या पुढे तीही चुकली. घळ मात्र अक्रोडापर्यंतच्या अंतराच्या अडीचपट रुंद आहे.

मी परत आलो तेव्हा ग्विदो बाकावर बसला होता. त्याचा चष्मा नेहमी खिशात असतो, फक्त वर्तमानपत्रापुरता. तो आता त्यानं काढून हातात धरला होता आणि नुसता पुसत होता.

“तुझ्या डोळ्यांत काय आहे गं?” त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

“काच. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला ना! बंदुकीवर घातली तर पाप, डोळ्यात घातली तर विमा.” मग ती सगळ्यांकडे वळली. “मी जिंकले असं कुणी म्हणू नका. नियमानं मी अक्रोडापर्यंत आणि ग्विदो खोपटाच्याही अलीकडे. आणि म्हातारा गाम्स आम्हा दोघांना तेवढं जवळ येऊ देतोय थोडाच! आता मला छड्या मारायच्या तर मारा. डाव्या बाजूला मारू नका. पण दयेचा गाम्स मी घेणार नाही, आणि पाळी सोडणार नाही. वारा असला तर मारणार नाही. मारला तर पलीकडे स्वतः जाईन, दोन तास लागोत नाहीतर दिवस.”

मिलोइकानं डाव टेबलावर आपटला. तव्यावरचं फ्रिका उलटून आली, आणि निकाल दिला. जो जितक्या अंतरावरून पाचच्या पाच गोळ्या कॉफीच्या बशीएवढ्या गोलात बसवील, तितकंच त्याचं रान. सगळ्यांना लागू. काडतूस कुठलंही चालेल. आणि अल्बिनाबरोबर गाम्सला ग्विदो जाईल. जनावर तो पारखील, ‘मार’ तो म्हणेल.

“आणि वकील?” मी विचारलं.

“वकिलाला तीन फटके. सवयीचे.”

पुढच्या रविवारी मावशीनं घळीइतक्या अंतरावरून बशी भरली. ग्विदोनं कागद हातात घेऊन प्रत्येक भोकात करंगळी घालून पाहिली आणि ‘हं’ म्हणाला. आमच्या खोऱ्यात ‘हं’ म्हणजे बरंच काही असतं, पण नक्की काय ते कधी कळत नाही.

महिनाअखेरीस आम्ही तिघं जुन्या खेचरवाटेनं घळीच्या काठावर गेलो. मावशी काठीवर, ग्विदो तिच्या मागे, पडली तर धरायला हात पसरून. ती वळली की हात खिशात. मी पाठपिशवी, पाव आणि अंतर मोजायचं यंत्र घेऊन शेवटी. पलीकडच्या कड्याच्या पायथ्याशी पिवळ्या गवताचा पट्टा आहे. त्या बाजूनं कुणी गेलं, की वास लागून गाम्स वर पसार होतात. अलीकडून मात्र ते तुम्हाला दगड समजतात. मावशी आडवी झाली, बंदूक पिशवीवर टेकवली आणि दगड झाली.

नर आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. काळाकुट्ट, मानेवर केस उभे. ग्विदोनं दुर्बिणीतून शिंगं पाहिली, त्यांवरच्या वय सांगणाऱ्या वळ्या पाहिल्या.

“म्हातारा आहे. चांगला आहे. मार.”

मावशी हलली नाही.

“अल्बिना, मार.”

“वारा.”

“कुठाय वारा? पान हलत नाही!”

“इथलं नाही हलत. तिथलं गवत बघ.”

खरंच, पलीकडचं गवत आडवं लोळत होतं. नर चरत चरत गवताच्या टोकाकडे सरकला. त्याच्यापुढे खडक, आणि खडकामागे तो गेला की संपलं.  ग्विदोनं टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

“अगं जाईल तो! हातभराचा वारा आहे, थोडं बाजूला धर आणि मार की बाई! ही कसली बंदूक घेतलीस मग?”

“ओरडू नकोस. बसमध्ये ड्रायव्हरशी बोलायला मनाई असते.”

नर खडकापाशी पोचला. एक पाय वर ठेवला. मी डोळे मिटणार होतो. मग तो वळला, आमच्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्या पायाशी गवत हळूहळू सरळ झालं. बंदूक वाजली. कड्यांनी तो आवाज एकमेकांकडे टोलवला. नर गुडघ्यावर आला, आडवा झाला, आणि गवतातच राहिला.

मावशीनं बंदूक मोकळी केली, आधी उठायला हात मागितला नाही, मग मागितला.

ग्विदो आणि मी वळसा घालून आधी पोचलो. नर शांत पडला होता, गोळी खांद्यामागे. मी खाली वाकलो तर ग्विदोनं माझी कॉलर धरली.

“हात लावू नकोस. ती आल्याशिवाय नाही.”

आम्ही दगडावर बसून राहिलो. खेचरवाटेवर दूर तिची लाल टोपी दिसायची, वळणाआड जायची, पुन्हा दिसायची. दोन वेळा ती बराच वेळ दिसली नाही तेव्हा ग्विदो उठून उभा राहिला आणि चष्मा घालून बघत राहिला. मी म्हटलं, “मी जाऊन धरून आणू?” तो म्हणाला, “तुला काय फटके कमी पडले?”

उन्हं कलली तेव्हा ती आली. ओठ पांढरे झाले होते. तिनं गवताची काडी तोडून नराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवली आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. ग्विदोनं खुरट्या पाइनची डहाळी मोडली, जखमेला टेकवली आणि शिकाऱ्याला मान द्यायच्या आमच्या रिवाजाप्रमाणे आपल्या टोपीवर ठेवून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

“माझ्या आजोबांना हे आवडलं नसतं,” तो म्हणाला.

“त्यांना मीही आवडत नव्हते,” असं म्हणत तिनं डहाळी घेतली आणि टोपीत उजव्या बाजूला खोचली. ग्विदोचे डोळे ओले झाले. पण चष्मा असल्यामुळे ते आम्हाला दिसले नाहीत, असं आम्ही ठरवलं.

मी नर खांद्यावर घेतला. अंतराचा आकडा यंत्रात मी पाहिला होता आणि फक्त मावशीच्या कानात सांगितला होता, आणि खाली मंडळाच्या घरात सगळे त्याचीच वाट बघत असणार. निम्मे वाद घालायला, निम्मे पैजा जिंकायला.

“मावशी,” मी विचारलं, “खाली गेल्यावर पहिला प्रश्न येईल, किती मीटरवरून मारला. काय सांगू?”

“मेलाय म्हणून सांग.”